जित्या हातांची हळद

॥ श्री ॥

खडवली,
१४ नोव्हेंबर १९५४

चि. कु. नीला हिस अ. उ. आ. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. माघातला मुहूर्त पक्का झाला हे वाचून बरं वाटलं. खरं म्हणजे ही बातमी भाऊनं कळवायची. पण तुझा बाप लग्नपत्रिकासुद्धा रजेच्या अर्जासारखी लिहील, तेव्हा तू कळवलंस तेच बरं. कल्याणची माणसं चांगली आहेत असं ऐकते. मधु शांत आहे आणि त्याच्या आई कलावतीबाई फटकळ आहेत म्हणे. असू देत. फटकळ माणूस निदान पोटात काही ठेवत नाही.

माझा पाय अजून प्लॅस्टरात आहे. घाटावर शेवाळावरून घसरले ते निमित्त. डॉक्टर म्हणतात हाड जून आहे, जुळायला वेळ घेईल, फाल्गुनापर्यंत प्रवासाचं नाव काढू नका. म्हणजे तुझ्या लग्नाला मी नाही. तुझी आई गेल्यापासून तुझी वेणीफणी मी केली, आणि हळद लागताना मी इथे खाटेवर. लिहिताना हात थांबला गं. पण रडत बसणं मला कधी जमलं नाही, ते आता या वयात कुठे शिकू?

आता मुद्द्याचं. माझ्या कपाटाच्या दारावर आतून सिनेमात गाणाऱ्या चारुलेखाचं चित्र चिकटवलेलं तू पाहिलंयस. परवा मीठ विकायला येणारी म्हातारी पाणी प्यायला आत आली, तिनं ते चित्र पाहिलं आणि म्हणाली की ही तर मिठपाड्याची, सखूची तुळसा. मी म्हटलं, बाई, मासिकात छापलंय की हिचा जन्म इंदूरचा, मोठ्या खानदानी घराण्यातला, लहानपणापासून उस्तादांची तालीम. तर ती म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. मिठपाडा म्हणजे कोपरच्या पुढे, खाडीच्या काठाला, तुमच्या डोंबिवलीपासून पायी जाण्यासारखा. आणि मी इतकी वर्षं ही बाई इंदूरची म्हणून कौतुक करत बसले.

माझं एक काम कर. लग्न होऊन कल्याणला जायच्या आत एकदा तिथे जाऊन ये. तिच्या आईची माझ्या वतीनं ओटी भर. खण चांगला घे, तांदूळ, नारळ, हळकुंड आणि सुपारी विसरू नकोस. आणि ते अंगण नीट पाहून मला लिही. तुला ठाऊक आहे, आमच्या वडिलांनी माझी पेटी दुसऱ्याला देऊन टाकली होती, मुलीच्या जातीला गाणं कशाला म्हणून. एका मुलीला गाऊ देणारं अंगण कसं असतं, ते मला एकदा कळू दे. यांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारतील, पाहून काय मिळणार. मी तिचा कुठलाही चित्रपट पाहून आले की हे एवढंच विचारतात.

भाऊला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ या प्लॅस्टरसारखा घट्ट ठेव, म्हणजे झालं.

तुझी,
विमलआत्या


डोंबिवली,
२९ नोव्हेंबर १९५४

ती. सौ. आत्याच्या चरणी नीलाचे शि. सा. न. वि. वि.

पत्र मोठं आहे, पाठीशी उशी घेऊन वाच. तुझ्या चारुलेखाचं गाव पाहून आले. आणि आत्या, मी तिथे एक घोटाळा करून ठेवला आहे.

रविवारी सकाळी ओटीचं ताट घेऊन निघाले. कोपरच्या अंगाला गेलं की आधी भाताची खाचरं लागतात आणि मग खाडी. मिठागरांत नुकतं पाणी घेतलं होतं, मीठ दिसायला अवकाश आहे. विहिरीवर बायका होत्या. त्यांना चारुलेखाचं घर विचारलं तर कुणाला माहीत नाही. तुळसाचं घर विचारलं, तर सगळ्यांना माहीत होतं, पण एकेक जण हंडा उचलून चालती झाली. एकीनं जाता जाता फक्त हनुवटीनं दिशा दाखवली.

घर अगदी टोकाचं. अंगण सारवलेलं, आणि मधोमध काट्यांचं कुंपण घालून त्याचे दोन भाग केलेले. पलीकडच्या भागात सखुबाईंची जाऊ राहते, बायजा. सखुबाई दारातच उभ्या होत्या. उंच, हातभर गोंदलेलं, आवाज असा की मी दोन पावलं मागेच सरले. मी सांगितलं की डोंबिवलीची आहे, माझी आत्या खडवलीला असते, तिला तुमच्या लेकीचं फार कौतुक आहे. त्या आत, मी बाहेर, ताट जड झालेलं, म्हणून मी काय केलं, तर तांदूळ, नारळ आणि सुपारी उंबऱ्यावर मांडली आणि खण काढायला वाकले. त्यांनी विचारलं, हळद कुणाची. आत्या, उपवर मुलगी दिसली की सगळ्याच म्हाताऱ्या लग्नाचं विचारतात. मी म्हटलं, माझीच, माघात आहे.

त्यांनी सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि पदराच्या गाठीत बांधली. मग विचारत सुटल्या, मांडव कुठल्या तोंडाचा, करवल्या किती, वाटपाची हळद घरची की बाजारची. मी आपली उत्तरं देत गेले. आम्ही राघो पाटलाच्या चाळीत राहतो म्हटल्यावर मात्र त्या मोठ्यांदा हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मला काहीच कळेना.

बाहेर पडले तशी कुंपणापलीकडून बायजानं मला हाक मारली आणि तू हे काय करून बसलीस म्हणून झाडलंच. सखुबाई धवलारीण आहेत. आपल्याकडे भटजी तशी त्यांच्यात धवलारीण. ती धवले गाते तेव्हा हळद लागते आणि लग्न लागतं. तिच्या उंबऱ्यावर नारळ-सुपारी ठेवणं म्हणजे लग्नाचं आवतण. तिनं ती पदरात बांधली की शब्द झाला. ओटी पदरात घालायची असते, हे आपल्याला माहीत आहे; उंबऱ्यावर ठेवायची नसते, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. सखुबाईंना पाच-सहा वर्षांत कुणी सुपारी दिलेली नाही. हळदीचा एक धवला असतो, त्यात ज्यांची ज्यांची हळद आहे त्या हातांची नावं घेतात. हात जिता पाहिजे. दूरगावी दिलेली लेक, आजारी पडलेली मावशी, सगळ्यांचं नाव घ्यायचं, म्हणजे त्यांचा हात तिथून पोचतो. मेलेल्यांचं नाव घ्यायचं नाही. शेवटी धवलारीण आपल्या घरच्या लेकीसुनांची नावं घेते. तुळसा सिनेमात गेली त्या वर्षी राघो पाटलाच्याच घरी हळद होती; आपला हा चाळमालक त्या गावचा पाटील. सखुबाईंनी तुळसाचं नाव घेतलं. धवल्याची ओळ एकीनं टाकायची आणि बाकीच्यांनी झेलायची. पण सिनेमात गेलेलीचं नाव झेलायचं नाही असं राघोनं आधीच बजावून ठेवलं होतं, म्हणून ओळ कुणी झेलली नाही. त्यानं सांगितलं, एवढं नाव गाळ आणि पुढं चल. सखुबाई म्हणाल्या की माजी पोरी जित्ती हाय, आणि हळद अर्धी टाकून उठल्या. तेव्हापासून गावाची लग्नं दुसरीकडची बाई आणून होतात. ती ओळ झेलणाऱ्यांत पुढे असायची ती ही बायजाच. तिनंच हे मला सांगितलं, आणि सांगताना मान जरा ताठच होती.

तिनं मला परत जाऊन चूक झाली म्हणून सांगायला बजावलं. मी वळलेही. पण सखुबाई अंगण झाडता झाडता गळा लावून पाहत होत्या. शब्द नव्हते, नुसता हुंकार, आणि सूर संपताना त्याचं टोक वर उचललेलं. आत्या, ते टोक तुला ठाऊक आहे. रेडिओवर चारुलेखाचं ते ऐकलं की तू दूध उतू जाऊ देतेस. मी तशीच घरी आले.

भाऊंना अजून काही बोललेले नाही. काय करू ते लगेच लिही, आणि रागावणार असलीस तर तेही याच टपालात येऊ दे.

तुझी लाडकी आणि सध्या घाबरलेली,
नीला


खडवली,
३ डिसेंबर १९५४

चि. नीला हिस अ. उ. आ. वि. वि.

रागावू कशाला? ओटी माझी, सुपारी माझी, तेव्हा घोटाळाही माझा. मला वाटलं होतं एका मुलीला गाऊ देणारं अंगण पाहायला मिळेल; तू तर मला मधोमध काटे घातलेलं अंगण दाखवलंस. आमच्या वडिलांचा आणि त्या राघो पाटलाचा पिंड एकच. एकानं पेटी दिली, एकानं नाव गाळायला सांगितलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते, गप्प बसले. आता मला गप्प बसायला कोण सांगतो ते पाहू.

सुपारी परत मागायची नाही. भटजी आहेतच, मंगलाष्टकं ते म्हणतील. हळद सखुबाई लावतील. आपल्यात नसतं तसं, असं भाऊ म्हणेल. त्याला म्हणावं, आपल्यात मुलीनं शाळेत शिकवायलाही जायची रीत नव्हती. पण हे त्याला जेवल्यावर सांग, उपाशीपोटी तो कधीच काही कबूल करत नाही.

एक मागणं आहे. मी येणार नाही, तर त्या हळदीत माझं नाव घ्यायला सांग. आणि मेलेल्यांचं घेत नाहीत तरी वहिनीचंही, तुझ्या आईचं, विचारून बघ. एवढं झालं तर माझा पाय मोडल्याचं मला काही वाटणार नाही.

घाबरू नकोस. घाबरलीस तरी भाऊला दिसू देऊ नकोस. माया आहेच, ती पोस्टानं येते म्हणून कमी समजू नकोस.

विमलआत्या


डोंबिवली,
२ जानेवारी १९५५

ती. सौ. आत्यास शि. सा. न. वि. वि.

भाऊंना जेवल्यावर सांगितलं. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि नाही म्हणाले. धवलारणीवर त्यांचा राग नाही. भीती राघो पाटलाची आहे. जागा त्याची, मांडव त्याच्या अंगणात, आणि भाऊंनी उभ्या जन्मात कुणाशी वाकडं घेतलेलं नाही. म्हणाले, मी स्वतः मिठपाड्याला जाऊन हात जोडून सुपारी परत आणतो. मी म्हटलं, मग मला हळदच लावू नका. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी फक्त चहा झाला का एवढंच बोलतो.

मधुला भेटून सगळं सांगितलं. तो म्हणाला की दिलेली सुपारी परत घेणाऱ्या घरची मुलगी आईला सून म्हणून चालणार नाही. हे तो खरंच आईच्या मनातलं बोलला की आपल्या, ते विचारलं नाही. कलावतीबाईंनी मात्र निरोप पाठवला आहे की गाणारी कुणीही असो, हळद उष्टी होऊन वेळेत आली पाहिजे.

काल पुन्हा सखुबाईंकडे गेले होते. तुझं नाव आनंदानं घेणार आहेत. आईचं मात्र नाही म्हणाल्या. मी रडले तरी त्या बधल्या नाहीत. मला जवळ घेऊन म्हणाल्या की गेलेल्या बाईला हळदीला ओढून आणायचं नसतं, ती दमून निजलेली असते, तिला निजू द्यावं. मला वाईट वाटलं, पण आत्या, तेव्हाच मला त्यांचं भांडण खरं समजलं. नाव गाळणं म्हणजे त्यांच्या लेखी काय असतं ते कळलं. राघोनं त्यांना जित्या लेकीचं सुतक धरायला सांगितलं होतं.

मी विचारलं, लेकीकडे दादरला का जात नाही. तिची मोटार एकदा आली होती, ती गावकऱ्यांनी गावदेवीपाशीच अडवली. सखुबाई चालत तिथवर गेल्या, सगळ्यांदेखत मोटारीत बसून लेकीशी पोटभर बोलल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, मी गेले तर घर बंद होईल, आणि घर बंद झालं की राघो म्हणेल, इथे कुणी तुळसा नव्हतीच. सिनेमावाल्यांनी तिला इंदूरला जन्माला घातली, गावानं मारून टाकली. ती इथे जन्मली आणि जित्ती आहे असं म्हणणारी मी एकटी उरले आहे, मी कशी उठू.

एकच मोठी अडचण आहे. ओळ झेलणार कोण? मिठपाड्याची एकही बाई येणार नाही. शेजारच्या गंगुबाई आणि माझ्या शाळेतल्या दोघी तयार आहेत, पण हळदीवाचून धवला गायचा नाही असा नेम आहे, त्यामुळे सखुबाई शिकवायला तयार नाहीत. आणि न झेललेल्या ओळीपुढे दुसरी ओळ टाकता येत नाही.

तू भाऊंना लिही. सौम्य लिही. लोभाची बाजू तुझ्याकडे नेहमी जड असते, ती तशीच राहो.

नीला


डोंबिवली,
१९ जानेवारी १९५५

ती. सौ. विमलताईस सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. त्यातील माझ्याविषयीचे उल्लेख, विशेषतः शेळी हा शब्द, वाचले. मी उत्तर देणार नव्हतो. परंतु दरम्यान घडलेली हकीकत तुला कळवणे भाग आहे.

गेल्या रविवारी मी कोट-टोपी घालून मिठपाड्यास जाण्यास निघालो होतो. सदर सुपारी परत आणावी, सखुबाईंची क्षमा मागावी, आणि प्रकरण मिटवावे असा माझा विचार होता. जिन्याच्या तोंडाशीच राघो पाटील भेटले. त्यांना कुठूनतरी सर्व समजले होते. ते म्हणाले की माझ्या अंगणात त्या बाईचा पाय लागता कामा नये. मी म्हणालो, त्याच कामासाठी निघालो आहे. तेथे त्यांनी थांबावयास हवे होते. परंतु ते पुढे म्हणाले की मांडवात पहिल्या पानाला अमुक बसेल, मिठपाड्याच्या अमुक घरी आमंत्रण द्यायचे नाही, आणि मुलीला शाळेतली नोकरी सोडायला लावा, फार तोंड चालते तिचे.

ताई, गेली अकरा वर्षे मी या गृहस्थांस नमस्कार करीत आलो आहे. गळके छप्पर मी स्वतः चढून शाकारले, तेही बोललो नाही. परंतु माझ्या मुलीच्या लग्नात कुणाला पाट द्यायचा हे मला हे सांगणार? मी कोट काढला. टोपीही काढली. त्यांना सांगितले की आपले अंगण आपणास लखलाभ, आम्ही मांडव समोरच्या मोकळ्या माळावर सार्वजनिक विहिरीपाशी घालू. आणि सखुबाई येतील, गातील, आणि त्यांना ज्यांची नावे घ्यायची असतील त्यांची घेतील. माझा आवाज चढला असावा, कारण गंगुबाई लाटणे घेऊन बाहेर आल्या होत्या.

ते जागा खाली करण्याविषयी काही बोलून गेले. पुढचे पुढे पाहू. रात्रभर झोप लागली नाही, हे खरे. पण वाईट वाटले म्हणून नव्हे.

मुलगी पुन्हा माझ्याशी बोलू लागली आहे. तुझ्या पायास आराम पडो. शेळीवरही थोडा लोभ असू द्यावा.

तुझा धाकटा भाऊ


कल्याण,
१४ फेब्रुवारी १९५५

ती. सौ. आत्याच्या चरणी सौ. नीलाचे (हे सौ. लिहिताना अजून हसू येतं) शि. सा. न. वि. वि.

सोबत पुडीत माझ्या हळदीतली चिमूटभर हळद आहे. ती आधी बाजूला ठेव, मग वाच.

माळावर विहिरीपाशी मांडव पडला. भाऊंनी स्वतः आंब्याचे टहाळे बांधले. राघो पाटील समोर चाळीच्या ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसले होते, बघू काय करता अशा थाटात. पण त्यांच्या एक लक्षात आलं नाही. त्यांनी आपलं अंगण दिलं असतं तर हळद भिंतीआड झाली असती. हा माळ मिठपाड्याहून बाजारात येण्याच्या वाटेवर आहे. सकाळच्या वेळी त्या गावच्या सगळ्या बायका पाट्या घेऊन तिथूनच जातात.

सखुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. पदराची गाठ सोडून सुपारी माझ्यासमोर पाटावर ठेवली आणि पहिली ओळ टाकली. पण ओळ झेलायला गंगुबाई आणि माझ्या शाळेतल्या दोघी मास्तरणी. गंगुबाईंनी आरतीची चाल धरली, बाकीच्या दोघी मध्येच थांबून एकमेकींकडे बघायला लागल्या. सखुबाई दुसरी ओळ टाकीनात. पहिलीच पुन्हा टाकली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज बसल्यासारखा झाला. ओट्यावर राघोनं पान लावायला घेतलं. मला वाटलं, संपलं. या बाईला सगळ्यांपुढे उभी करून मीच तिचं हसू केलं.

वाटेवर पाट्या घेतलेल्या बायका थबकल्या होत्या. त्यांत बायजा होती. डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी, तोंड आंबट. सखुबाईंनी चौथ्यांदा तीच ओळ टाकली, पहिलीच ओळ तुझ्या नावाची:

हलद कुनाचे हाताची गो, हलद जित्ते हाताची,
खडवलीचे इमलचे, इमलचे हाताची.

गंगुबाईंनी तोंड उघडलं आणि बाहेरून बायजा ओरडली की अगं कशाला मुडदा पाडता ओळीचा, जरा सरा बाजूला. पाटी तिथेच उतरवली आणि उभ्यानंच ओळ झेलली. उभा जन्म झेलत आलेली बाई ती. कानांदेखत ओळ खाली पडते हे तिला सोसेना, बस, एवढंच. तिच्यामागं बाकीच्याही झेलू लागल्या. तुझा हात अख्ख्या मिठपाड्यानं माझ्या हळदीत आणून घातला आत्या, तू आता इमल झालीस.

मग ओळीवर ओळ. मधुच्या आत्या-मावशा झाल्या, माझ्या मैत्रिणी झाल्या. आईचं नाव नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं. शेवटी सखुबाईंनी आपल्या घरच्या हातांना सुरुवात केली. पहिलं नाव त्यांनी घेतलं बायजाचं. इतक्या वर्षांत त्या दोघी बोललेल्या नाहीत. बायजानं खाली बघत आपल्याच नावाची ओळ झेलली. आणि मग सखुबाई उभ्या राहिल्या, ओट्याकडे तोंड केलं आणि ओळ टाकली:

मिठपाड्याचे तुलसाचे, तुलसाचे हाताची.

सगळं थांबलं. राघो पाटील उठून उभे राहिले, एकेका बाईकडे पाहत. बायका पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागल्या. मी झेलणार होते, नवरीनं गायचं नसतं तरी. भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचेच ओठ हलताना मला दिसले. सखुबाईंनी ओळ पुन्हा टाकली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. त्या थांबलेल्या होत्या, हरलेल्या नव्हत्या, हे मला तिथे बसून स्पष्ट दिसत होतं.

बायजानं राघोकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि झेलली. आधी एकटीनं, अगदी सबंध, शेवटचं टोक वर उचलून. मग ओळ फिरली तशी सगळ्यांनी. तुळसाचं नाव त्या माळावर इतक्या मोठ्यानं झालं की बाजारातली माणसं वळून बघत होती. राघो पाटलांनी पानाचा डबा उचलला आणि ते आत गेले. सखुबाईंनी माझ्या कपाळाला हळद लावली.

दुसऱ्या दिवशी जागा खाली करण्याचा निरोप आला. भाऊंनी उलट निरोप पाठवला की निरोप पोहोचला, भाडं नेहमीप्रमाणे पहिल्या तारखेला देईन. अंगणातले काटे अजून आहेत म्हणे, पण बायजानं त्यांत येण्याजाण्यापुरती फट पाडली आहे. एवढंच झालंय. मिठपाड्यात पुढची सुपारी कुणाला जाईल ते मला माहीत नाही.

सासूबाई हळद वेळेत आली म्हणून खूष आहेत. मधु नमस्कार सांगतो. सासरी आले तरी तुझ्या मायेवरचा माझा हक्क मी सोडलेला नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी,
सौ. नीला


खडवली,
२० फेब्रुवारी १९५५

चि. सौ. नीला हिस अ. उ. आ. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं. भाऊला वेगळं लिहिते आहे. शेळी हा शब्द मी मागे घेतला आहे. त्या मासिकालाही पत्र धाडलंय. लिहिलं, तुमची माहिती चुकीची आहे, चारुलेखा इंदूरची नव्हे, ती मिठपाड्याच्या सखुबाई धवलारणीची लेक तुळसा, आणि तालीम घरचीच. छापणार नाहीत. मी दर महिन्याला पाठवीन.

प्लॅस्टर काल कापलं. पाय बाहेर आला तो बोरूसारखा बारीक. तुझी पुडी उघडली आणि ती हळद त्यावर लावली. लावता लावता ती ओळ मी म्हटली. चाल मला कुठली माहीत, पण टोक कसं उचलायचं ते इतकी वर्षं तिचं ऐकून माहीत होतं. पेटी गेल्यापासून मी मोठ्यानं गायले नव्हते नीला, देवापुढेसुद्धा नाही.

हे ओसरीवर होते. आत येऊन विचारलं, ही तुळसा कोण. मी म्हटलं, आपल्या घरच्या हळदीतली आहे, दूरगावी असते. आता विचारतील काय मिळणार म्हणून मी वाटच पाहत होते. पण हे खाटेच्या कडेला बसले. मी सांगितलं, ओळ टाकून ठेवायची नसते, कुणीतरी झेलावी लागते. यांनी जरा खाकरलं आणि झेलली. आवाज फाटका, सूर भलतीकडे. नाव मात्र स्वच्छ घेतलं.

चैत्रात पाय चालू लागला की मी येते. मिठपाड्याला आपण दोघी जाऊ, आणि या वेळी ओटी पदरात घालू. तोवर माझा आशीर्वाद तुझ्याकडे, आणि तुझा लोभ माझ्याकडे, असा दोघींनी जपून ठेवू.

तुझी,
इमलआत्या